आजीच्या आजोबांचं स्कॉटलंडमधलं गाव शोधायचंय, हाती एकच आठवडा आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या आजीचे आजोबा स्कॉटलंडमधून आले, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत फिटर म्हणून लागले, भुसावळला राहिले आणि तिथेच वारले. घरात त्यांचं बायबल आहे, त्यात त्यांचं नाव आणि जन्मसाल १८६२ लिहिलेलं आहे. ‘डंडीजवळचे’ एवढंच तोंडी चालत आलंय. येत्या जुलैत मुलीच्या पदवीदान समारंभासाठी तुम्ही एडिनबर्गला येताय. समारंभ वगळता सात दिवस मोकळे आहेत आणि तेवढ्यात त्यांचं गाव, घर, जमलं तर घरच्यांच्या कबरी पाहायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी, असं विचारलंत.

सुरुवात भुसावळपासून करा. एडिनबर्ग नंतर.

मी एडिनबर्गमध्ये राहते आणि घराण्यांचे जुने कागद शोधून देण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. दूरदेशाहून मोठ्या ओढीने आलेली माणसं इथल्या मोलाच्या दिवसांत घरबसल्या मिळालं असतं तेच शोधत बसलेली दिसतात, तेव्हा फार वाईट वाटतं. सात दिवस कमी नाहीत, पण एक अट आहे. संगणकावर मिळण्याजोगं सगळं निघण्याआधी काढून ठेवा. इथले दिवस दोनच गोष्टींसाठी राखा: अजून स्कॅन न झालेले कागद, आणि जिथे स्वतःच्या पायांनी जायला हवं अशा जागा. आणि येताना प्रश्न एकच घेऊन या. ‘आमचं घराणं कुठलं’ हा प्रश्न सात दिवसांत सुटत नाही. ‘१८६२च्या सुमारास त्यांचे आईवडील कोणत्या पॅरिशमध्ये, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीत, कोणत्या रस्त्यावर राहत होते’ हा सुटू शकतो.

आता भुसावळ का, ते सांगते. तुम्ही लिहिलेलं आडनाव अँगस परगण्यात, म्हणजे डंडीच्या परगण्यात, ढिगाने सापडतं. त्या नावाची, १८६२च्या आसपास जन्मलेली अनेक मुलं निघतील आणि त्यातलं आपलं कोणतं हे स्कॉटलंडचे कागद सांगणार नाहीत. ते सांगेल त्यांच्या लग्नाची नोंद, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या भारतातल्या ख्रिस्ती विवाहनोंदींत वर आणि वधू दोघांच्याही वडिलांचं नाव असतं. वडिलांचं नाव हाती आलं की डझनभर उमेदवारांतून एक-दोन उरतात. या नोंदींच्या नकला मुंबई इलाख्यातून दरवर्षी लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत आणि त्यांचा मोठा भाग फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर प्रतिमांसह आहे. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर भारतातल्या बाप्तिस्मा आणि लग्नांची सूची फुकट पाहता येते. ब्रिटिश काळात भारतात राहिलेल्या कुटुंबांचा अभ्यास करणारी ‘फिबिस’ ही संस्थाही तिची शोधसूची फुकट उघडून देते. म्हणून लंडनमध्ये दिवस काढू नका. रेल्वे कंपन्यांच्या नेमणुकांचे काही कागद तिथे आहेत खरे, पण ते पुढच्या खेपेला.

ऑनलाइन काही नाही मिळालं तरी खचू नका. भुसावळ, इगतपुरी, कल्याण इथल्या रेल्वे वसाहतींमधल्या चर्चची मूळ पुस्तकं बरेचदा तिथेच असतात. माणूस स्कॉटिश होता, तेव्हा तो प्रेस्बिटेरियन असण्याची शक्यता मोठी. मग मुंबईत काळा घोड्याजवळच्या सेंट अँड्र्यूज अँड सेंट कोलंबाज चर्चमध्ये चौकशी करा, ते जुनं स्कॉटिश चर्च. भुसावळच्या दफनभूमीत त्यांचा दगड असेल तर आधी तो वाचून या. ‘नेटिव्ह ऑफ अमुक’ असं गावाचं नाव दगडावर कोरायची पद्धत होती. तसा एक शब्द मिळाला तर सहा महिन्यांचं काम वाचतं.

वडिलांचं नाव मिळालं की स्कॉटलंडचे कागद उघडायचे, आणि इथे तुमचं नशीब खरोखर चांगलं आहे. जन्म, लग्न, मृत्यूची सक्तीची सरकारी नोंदणी स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ला सुरू झाली आणि ती इंग्लंडपेक्षा कितीतरी तपशीलवार आहे. १८५५च्या पहिल्या वर्षी तर इतकी माहिती विचारली गेली की नोंदणी करणारेच दमले आणि पुढच्या वर्षी रकाने कमी करावे लागले. १८६१पासून मात्र एक महत्त्वाचा रकाना परत आला: जन्मनोंदीत आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण. तुमचे पूर्वज १८६२चे, म्हणजे हा रकाना त्यांच्या नोंदीत असणार. त्यावरून लग्नाची नोंद काढायची. लग्न १८५५नंतरचं असेल तर त्यात वधूवरांच्या चारही पालकांची नावं मिळतात, आयांची माहेरची आडनावंसुद्धा. म्हणजे दोन कागदांत तुम्ही दोन पिढ्या मागे पोचता. लग्न १८५५च्या आधीचं निघालं, तर चर्चच्या जुन्या पॅरिश पुस्तकात बहुधा नुसती नावं आणि तारीख मिळेल. मग त्या जोडप्याच्या मृत्यूच्या नोंदी काढा. स्कॉटलंडच्या मृत्यूनोंदीत मृताच्या आईवडिलांची नावं असतात, ही इथली फार मोठी सोय आहे. माहिती देणाऱ्या माणसाचं नाव, नातं आणि सहीही असते. तो बहुतेक वेळा मुलगा, जावई नाहीतर पुतण्या असतो, आणि त्याच्यामार्फत मागे राहिलेल्या घरच्यांचा माग लागतो.

या सगळ्याला जनगणनेची जोड द्या. १८४१पासून दर दहा वर्षांची जनगणना १९२१पर्यंत खुली आहे. १८४१च्या खेपेत मोठ्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत आणि जन्मगावाऐवजी ‘याच परगण्यातला की नाही’ एवढंच आहे. १८५१पासून जन्माची पॅरिश मिळते. तुमच्यासाठी १८७१ आणि १८८१ कळीच्या: मुलगा नऊ वर्षांचा असताना आणि मग एकोणीस वर्षांचा, बहुधा कुठल्या तरी ओतशाळेत उमेदवारी करत असताना. आईवडिलांच्या जन्माच्या पॅरिश तिथे लिहिलेल्या असतील. ‘डंडीजवळचे’ म्हणजे नेमकं कुठले, ते तिथे कळेल.

हे काम स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर होतं. सूची पाहायला पैसे पडत नाहीत, फक्त खातं उघडावं लागतं. मूळ पानाची प्रतिमा पाहायला क्रेडिट लागतात. ३० क्रेडिट साडेसात पौंडांना मिळतात आणि एका सरकारी नोंदीच्या प्रतिमेला ६ क्रेडिट जातात, म्हणजे दीड पौंड. अंदाजाने क्लिक करत सुटलं की पैसे पाण्यासारखे जातात, म्हणून आधी फॅमिलीसर्च आणि जनगणना उतरवून ठेवणाऱ्या फ्रीसेन या संकेतस्थळावर फुकटात चाचपून घ्या आणि खात्री वाटेल तेच पान उघडा. उघडलेलं प्रत्येक पान लगेच उतरवून ठेवा. फाइलच्या नावात साल, पॅरिश आणि व्यक्तीचं नाव घाला. नावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलंय, आणि ‘मॅक’ने सुरू होणारी आडनावं तर एकाच कुटुंबात तीन तऱ्हांनी सापडतात. आणखी एक: अँगस परगण्याला १९२८पर्यंत अधिकृत नाव फॉरफरशायर होतं. जुन्या कागदांत तेच दिसेल.

एक शक्यता मनात ठेवून या. एकोणिसाव्या शतकातली डंडी म्हणजे तागाच्या गिरण्यांचं शहर, आणि गिरण्यांसाठी बाहेरून माणसांचा लोंढा येत होता. त्यात आयर्लंडमधून आलेले खूप. लोखी हा डंडीचा भाग तर आयरिश वस्तीसाठीच ओळखला जाई. तेव्हा जनगणनेत वडिलांच्या जन्मगावाच्या रकान्यात नुसतं ‘आयर्लंड’ लिहिलेलं आढळेल असंही होऊ शकतं. तसं झालं तर शोध तिथून पुढे अवघड आहे, कारण डब्लिनच्या दप्तरखान्यातले बरेच जुने कागद १९२२मध्ये जळाले. पण ते इथे आल्यावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. मग डंडीतच नीट वेळ देता येईल आणि भलत्या खेड्यांत हिंडण्यात दिवस जाणार नाहीत.

आपल्याकडची बरीच माणसं एक समजूत घेऊन येतात, म्हणून सांगते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्याची वही असते, गाव आणि आडनाव सांगितलं की पिढ्यांची नावं निघतात, तसं इथल्या गावच्या पाद्रीबुवांकडे काही नसतं. १८५५च्या आधीची पॅरिश पुस्तकं नोंदणी कायद्याने कधीच सरकारजमा झाली आणि एडिनबर्गला गेली. त्यातलं सर्वात जुनं पर्थशायरमधल्या एरल गावचं, १५५३चं. ती सगळी आता स्कॅन झालेली आहेत. चर्चच्या पंचमंडळाच्या, म्हणजे कर्क सेशनच्या वह्यांचंही तेच. २०२१पासून त्याही ऑनलाइन यायला लागल्या. गावच्या चर्चमध्ये जा जरूर, पण कागद मिळतील म्हणून जाऊ नका. कितीतरी जुनी चर्च बंद होऊन विकलीही गेली आहेत. आत जायचं असेल तर आधी ईमेलने विचारा, नाहीतर रविवारी प्रार्थनेच्या वेळी जा. प्रार्थना झाल्यावर चहा असतो आणि गावातली म्हातारी माणसं हौसेने बोलतात. तिथे अर्ध्या तासात जे कानावर पडतं ते कुठल्याच दप्तरात नसतं.

आता एडिनबर्गमधले दिवस. स्कॉटलंड्सपीपल सेंटर वेव्हर्ली स्टेशनसमोर, प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला आहे: रॉबर्ट अॅडमने आराखडा केलेलं जनरल रजिस्टर हाउस आणि त्याला लागून न्यू रजिस्टर हाउस. न्यू रजिस्टर हाउसच्या घुमटाखाली नोंदींची मूळ पुस्तकं मजल्यावर मजले चढत ठेवलेली आहेत, जन्माची लाल, मृत्यूची काळी, लग्नाची हिरवी. ते दृश्य पाहून माझा ऊर आजही भरून येतो. बसण्याची जागा आधी आरक्षित करावी लागते आणि दिवसाचे १५ पौंड पडतात. त्या पैशांत दिवसभर कितीही नोंदी पाहा, प्रत्येक पानाला वेगळे पैसे नाहीत. आणि घरून दिसत नाही असं बरंच काही तिथे दिसतं. ऑनलाइन जन्माची प्रतिमा १०० वर्षं, लग्नाची ७५ वर्षं आणि मृत्यूची ५० वर्षं उलटल्याशिवाय मिळत नाही. सेंटरमध्ये अलीकडच्या नोंदीही पाहता येतात. तेव्हा तिथे १८६२ शोधत बसू नका, ते घरी झालेलं असावं. तिथे त्यांच्या भावाबहिणींचे वंशज शोधा: पुतणे, नाती, पणतू, अगदी गेल्या काही वर्षांपर्यंत. हयात नातेवाईक सापडायचा हाच खरा रस्ता आहे. अलीकडच्या नोंदी छापून किंवा फोटो काढून नेता येतीलच असं नाही, म्हणून वही आणि पेन्सिल घेऊन जा आणि हाताने उतरवायची तयारी ठेवा.

या भेटीतलं सर्वात मोलाचं काम वेगळंच आहे, आणि ते कोणी सुचवत नाही म्हणून जरा विस्ताराने लिहिते. तुमचे पूर्वज फिटर होते. भारतातल्या रेल्वे कंपन्या सहसा शिकून तयार झालेली माणसं करारावर नेत. म्हणजे निघण्याआधी ते इथल्या एखाद्या कारखान्यात किंवा रेल्वेत कामाला असणार. डंडीच्या बाजूला त्या काळी कॅलेडोनियन आणि नॉर्थ ब्रिटिश या दोन मोठ्या रेल्वे कंपन्या होत्या. त्यांचं दप्तर, त्यातल्या नोकरांच्या वह्यांसह, नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडकडे आहे. त्यात नेमणुकीची तारीख, पगार, बढत्या, कधी दंड आणि नोकरी सोडल्याचं कारणही असू शकतं. ‘भारतात गेला’ अशा दोन शब्दांवर बोट ठेवून रडलेली माणसं मी पाहिली आहेत. हे कागद सेंटरमध्ये संगणकावर दिसत नाहीत. ते त्याच इमारतीतल्या हिस्टॉरिकल सर्च रूममध्ये मागवावे लागतात आणि बरेचसे दुसऱ्या ठिकाणच्या कोठारात ठेवलेले असतात. आदल्या संध्याकाळी मागून सकाळी मिळत नाहीत. महिनाभर आधी कॅटलॉगमध्ये क्रमांक शोधा, ईमेल करा, कोणत्या तारखेला हवेत ते कळवा. वाचकपत्रासाठी पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा. फोटो काढायचे नियमही त्याच पत्रात विचारून घ्या.

पदवीदान समारंभ एडिनबर्ग विद्यापीठाच्या मॅकइवन हॉलमध्ये असेल, तर तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांत दोन जागा आहेत. एक व्हिक्टोरिया टेरेसवरची स्कॉटिश जिनिऑलॉजी सोसायटी, १९५३मध्ये स्थापन झालेली. तिच्या ग्रंथालयात स्कॉटलंडभरच्या दफनभूमींतल्या दगडांवरचा मजकूर उतरवून छापलेली पुस्तकं आहेत. अँगसची पुस्तकं काढा आणि आडनाव पाहा. ज्या दगडांची अक्षरं आज पावसाने पुसली गेलीत, ती या पुस्तकांत शाबूत आहेत. आणि एक गोष्ट मुद्दाम बघा: परदेशी वारलेल्या मुलाचं नाव आईवडिलांच्या दगडावर घालायची इथे पद्धत होती. ‘मुंबई येथे मृत्यू’, ‘कलकत्त्यास कॉलऱ्याने’ असे दगड पुष्कळ आहेत. भुसावळला पुरलेल्या माणसाचं नाव डंडीच्या दगडावर असण्याची शक्यता खरीच आहे. दुसरी जागा जॉर्ज फोर्थ ब्रिजवरची नॅशनल लायब्ररी. पण तिचे नकाशे आणि पोस्ट ऑफिसच्या जुन्या निर्देशिका संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यामुळे तिथे जाणं आवडीचा भाग. नकाशे मात्र घरी नक्की पाहा. डंडीचे १८७०च्या सुमाराचे शहरनकाशे इतके बारीक आहेत की एकेका इमारतीचं मागचं अंगणही दिसतं. जनगणनेतला पत्ता त्यावर शोधा आणि आजच्या नकाशाशी ताडून पाहा. डंडीचा ओव्हरगेटसारखा जुना भाग १९६०च्या दशकात पाडला गेला, आणि तुमचं घर त्यातलं असेल तर ते आधीच ठाऊक असणं चांगलं. घर उरलेलं नसलं तरी रस्ता, चर्च, गिरणीची भिंत असं काहीतरी उरलेलं असतं.

डंडीला एडिनबर्गहून रेल्वेने साधारण सव्वा ते दीड तास लागतो. वाटेत १८९०चा फोर्थ पूल आणि मग टे नदीवरचा लांबलचक पूल लागतो. खिडकीतून खाली बघितलंत तर पाण्यात जुन्या पुलाच्या खांबांचे बुंधे दिसतात. तो पूल २८ डिसेंबर १८७९च्या वादळात गाडीसकट कोसळला. तुमचे पूर्वज तेव्हा सतरा वर्षांचे असतील, आणि त्या रात्रीची बातमी डंडीतल्या प्रत्येक घरात पोचली होती. शहरात टे व्हॅली फॅमिली हिस्टरी सोसायटीचं संशोधन केंद्र आहे. स्वयंसेवक अँगसची घराणी कोळून प्यालेले आहेत. जाण्याआधी त्यांना तुमचा एकपानी गोषवारा पाठवा. डंडी सिटी अर्काइव्ह्जमध्ये दफनाच्या आणि गरिबांच्या मदतीच्या नोंदी पाहायला आधी वेळ ठरवावी लागते. वेलगेटमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचा विभाग आणि जुनी वर्तमानपत्रं आहेत. तागाचं संग्रहालय, व्हरडंट वर्क्स, दोन तासांचं आहे. चालू यंत्रांचा आवाज ऐकला की त्या घरातल्या बायकांचं आयुष्य कळतं, कारण डंडीच्या गिरण्यांत कामगार मुख्यतः बायकाच होत्या.

दफनभूमींत फिरताना काही पथ्यं. हाउफ ही शहराच्या मधोमध असलेली दफनभूमी सुंदर आहे, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच तिथली दफनं थांबली. तुमची माणसं ईस्टर्न, वेस्टर्न किंवा बाल्गे दफनभूमीत असण्याचा संभव जास्त. जुन्या दफनभूमी बहुतेक कौन्सिलच्या ताब्यात आहेत. कबरीच्या जागेला इथे ‘लेअर’ म्हणतात आणि लेअरचा क्रमांक कौन्सिलच्या वहीत असतो. तो आधी मागून घ्या, नाहीतर हजारो दगडांत दिवस जाईल. क्रमांक मिळाला आणि जागेवर नुसतं गवत निघालं, असंही होतं. गरिबांना दगड परवडत नसे. अक्षरं वाचता येत नसतील तर खडू लावू नका, खरवडू नका, तारेचा ब्रश तर मुळीच नको. एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की पुसट अक्षरं उठून दिसतात. दगडाला टेकू नका. पाया खचलेले दगड कोसळून माणसं जखमी झाली आहेत.

आता जरा नाजूक विषय. कागद सगळं सांगतात, आणि आपल्याला हवं तेवढंच सांगत नाहीत. जन्मनोंदीत वडिलांचं नाव नसेल, असं स्कॉटलंडमध्ये त्या काळी बरंच घडे. मग कर्क सेशनच्या वहीत त्या मुलीला पंचमंडळासमोर उभं करून बापाचं नाव विचारल्याची हकीकत सापडू शकते. पाद्रीविना, साक्षीदारांसमोर नुसतं जाहीर करून केलेलं लग्नही तेव्हा कायदेशीर होतं, म्हणून चर्चमध्ये लग्न सापडलं नाही तर लगेच वाईट अर्थ काढू नका. भारतात येण्याआधी इथे त्यांचं एक लग्न झालेलं असेल, आणि १८९१च्या जनगणनेत एक बाई ‘पती परदेशी’ म्हणून एकटी दिसेल, हीही शक्यता आहे. घरात कोणाला काय आणि कधी सांगायचं हे निघण्याआधी ठरवून या, विशेषतः आई हयात आहेत असं लिहिलंत म्हणून.

आणि जे मला सर्वात कळकळीने सांगायचंय ते हे. स्कॉटलंडचे कागद तुम्हाला आजोबांची आई देतील, माहेरच्या आडनावासकट, कारण इथे बाईचं माहेरचं नाव शेवटपर्यंत कागदावर राहतं, पुष्कळदा कबरीच्या दगडावरही. पण आजोबांची बायको, म्हणजे तुमच्या आजीची आजी, ती इथे सापडणार नाही. भारतातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत आई भारतीय असली तर बरेचदा तिचं नुसतं ख्रिस्ती नाव असतं, ‘मेरी’ किंवा ‘एलिझाबेथ’, आणि त्यापुढे काही नाही. तिचं गाव, तिचे आईवडील कोणी लिहून ठेवलेले नाहीत. भुसावळच्या वसाहतीतल्या म्हाताऱ्या माणसांना, आजीच्या चुलत-मावस नात्यातल्यांना आताच विचारा. डंडीचे कागद घुमटाखाली सुरक्षित आहेत आणि पुढच्या वर्षीही तिथेच असतील. ही माणसं नसतील. वेळ कमी पडला तर मी डंडीचा एक दिवस कापेन, पण या गाठीभेटी कापणार नाही.

मुलांची नावं ठेवायची एक स्कॉटिश रीत शोधाला फार उपयोगी पडते. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. सगळ्यांनी पाळलीच असं नाही, पण भुसावळला जन्मलेल्या मुलांची नावं क्रमाने लिहून काढा. थोरल्या मुलाच्या नावात डंडीचे आजोबा दडलेले असू शकतात. मुलाचं मधलं नाव एखाद्या आडनावासारखं वाटलं, तर ते त्या मुलाच्या आजीचं माहेरचं आडनाव असण्याचा संभव मोठा.

क्लॅन (सरदाराच्या नावाचं कूळ), टार्टन (कुळाचं म्हणून विकलं जाणारं चौकड्यांचं कापड) आणि दुकानांत मिळणारी ‘घराण्याची ढाल’ (मानचिन्ह) यांच्यावर शोध बेतू नका. आडनाव क्लॅनचं असलं म्हणून माणूस त्या सरदाराच्या रक्ताचा होत नाही. आश्रयाला राहिलेल्यांनीही ती नावं घेतली. आणि स्कॉटलंडच्या कायद्यात ढाल घराण्याची नसतेच, ती एका व्यक्तीला दिलेली असते आणि तिचा हिशेब लॉर्ड लायन या मानचिन्हांच्या अधिकाऱ्याच्या कचेरीत असतो. मफलर आवडला तर अवश्य घ्या, छान ऊब देतो.

व्हिसा ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो, शेंगेन चालत नाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्यात गर्दी असते म्हणून लवकर करा. जुलै निवडलात हे उत्तम. ऑगस्टमध्ये एडिनबर्गचे महोत्सव सुरू झाले की राहण्याचे दर चढतात. जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे दप्तरखाना संध्याकाळी बंद झाल्यावरही दफनभूमीत चार-पाच तास मिळतात. दप्तरखाने सोमवार ते शुक्रवारच उघडे, त्यामुळे आठवड्याचे दिवस कागदांना आणि शनिवार-रविवार गावांना. तुमच्या सात दिवसांचं मी असं करेन: सोमवारी सेंटर, मंगळवारी सर्च रूममध्ये रेल्वेच्या वह्या, बुधवारी सकाळी सोसायटीचं ग्रंथालय आणि दुपारी डंडीला मुक्काम हलवायचा. गुरुवार-शुक्रवार डंडीतली दप्तरं आणि दफनभूमी, शनिवारी पॅरिशचं गाव, रविवारी त्याच गावची प्रार्थना आणि परत. मधे एखादी वही दुसऱ्या वहीकडे बोट दाखवेलच, म्हणून शुक्रवारची दुपार मोकळी ठेवा. अँगसच्या खेड्यांत रविवारी बस जवळजवळ नसतात, म्हणून शनिवार-रविवारपुरती गाडी भाड्याने घ्या. भारतीय परवान्यावर पहिलं वर्षभर चालवता येते आणि इथेही डावीकडूनच चालवतात. अरुंद रस्त्यांवर समोरच्याला वाट द्यायला ठरावीक जागा असतात, तिथे थांबा आणि हात करा. बूट पाण्यातले हवेत, दफनभूमीतलं गवत जुलैतही ओलं असतं.

हयात नातेवाईकांचा पत्ता लागला तर थेट दारात जाऊन उभे राहू नका. आधी साधं पत्र लिहा, शक्य असेल तर टे व्हॅलीच्या स्वयंसेवकांमार्फत. तुम्ही कोण, नातं कसं लागतं, कोणत्या कागदावरून कळलं, आणि तुम्हाला काही मागायचं नाही, हे एका पानात. बायबलच्या त्या पानाचा आणि भुसावळच्या घराचा फोटो जोडा. उत्तर द्यायला त्यांना वेळ द्या, म्हणजे हे पत्र मेपर्यंत पोस्टात पडायला हवं.

तेव्हा या महिन्यात एवढं करा: लग्नाची नोंद शोधा आणि बायबलचं प्रत्येक पान, कोरं असलं तरी, उजेडात धरून पाहा. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत दुकानाचा शिक्का किंवा रविवारच्या शाळेचं बक्षीसपत्र चिकटवलेलं असतं आणि त्यावर गावाचं नाव असतं. वडिलांचं नाव हाती आलं की मला कळवा. उमेदवारांतून आपला कोणता ते आपण मिळून काढू आणि रेल्वेच्या कोणत्या वह्या मागवायच्या तेही तेव्हाच ठरवू.